मुंबईबाहेर भाड्याचे घर: लहान मूल असलेल्या कुटुंबाने लोकलच्या पट्ट्यातील परिसर कसा निवडावा

मुंबईत नोकरी आणि घर मात्र डोंबिवली, बदलापूर, वसई किंवा पनवेलला, ही मांडणी नवी नाही. दादर-परळमध्ये ज्या भाड्यात एक खोली मिळते, त्याच भाड्यात कल्याणच्या पुढे स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि वेगळी शयनखोली मिळते, एवढे कारण बहुतेकांना पुरते. तरीही घरात दोन-तीन वर्षांचे मूल असताना हा निर्णय केवळ भाडे आणि कार्यालयाचे अंतर या दोन आकड्यांवर घेतला, तर काही महिन्यांतच घर बदलण्याची वेळ येते. भाड्याच्या घराचा मोठा फायदा असा की चूक दुरुस्त करता येते. पण मुलाचे पाळणाघर, शाळा आणि डॉक्टर एकदा ठरले की ती दुरुस्तीही महाग पडते. म्हणून निवडीचा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. आधी मुलाचा दिवस पाहावा, मग रेल्वेमार्ग, मग स्थानक, मग स्थानकाची बाजू आणि सर्वांत शेवटी इमारत.

पहिली पायरी: मुलाचा दिवस कागदावर मांडा

सकाळी मुलाला पाळणाघरात कोण सोडणार, संध्याकाळी कोण आणणार आणि दुपारी दोन वाजता ‘बाळाला ताप आहे’ असा फोन आला तर कोण पोहोचणार, या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी लिहून काढावीत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा सापडतात, तिसऱ्याजवळ गाडी अडते. दोन्ही पालक फोर्ट किंवा लोअर परळला कामाला असतील आणि घर बदलापूरला असेल, तर फोन आल्यापासून मुलापर्यंत पोहोचायला चांगल्या दिवशीही सुमारे दोन तास धरावे लागतात. दुपारी गाड्यांतील अंतर वाढते आणि लांबच्या स्थानकांना जाणाऱ्या गाड्या कमी असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले की तर हिशेबच संपतो.

यातून एक कसोटी निघते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे: लोकल बंद पडलेल्या दिवशीही मुलापर्यंत तासाभरात पोहोचू शकेल असा एक तरी मोठा माणूस असला पाहिजे. तो पालकांपैकी एक असेल, आजी-आजोबा असतील, मावशी असेल किंवा ज्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे असे शेजारचे कुटुंब असेल. त्यामुळे आईची नोकरी ठाण्यात आणि वडिलांची चर्चगेटला असेल, तर दोघांच्या ‘मधले’ ठिकाण शोधण्यापेक्षा ठाण्याच्या बाजूला झुकणे शहाणपणाचे ठरते. एकाचा प्रवास वाढतो, हे खरे आहे. पण दोघांनीही मुलापासून सारखेच लांब असण्यापेक्षा ते बरे. त्याच न्यायाने, आजी चालत दहा मिनिटांवर राहात असेल तर रोजचा वीस मिनिटांचा जादा प्रवास मी आनंदाने स्वीकारण्याचा सल्ला देईन.

पाळणाघराची बंद होण्याची वेळ याच कागदावर लिहावी. अनेक पाळणाघरे संध्याकाळी सात ते साडेसातपर्यंतच चालतात. कार्यालय सहाला सुटत असेल आणि दारापासून दारापर्यंतचा प्रवास पावणेदोन तासांचा असेल, तर तो परिसर कितीही आवडला तरी यादीतून काढावा, किंवा घर भाड्याने घेण्याआधी संध्याकाळच्या सांभाळाची वेगळी सोय करावी.

दुसरी पायरी: रेल्वेमार्ग कार्यालयावरून ठरवा, भाड्यावरून नव्हे

मध्य रेल्वेवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. तिथून एक फाटा बदलापूर (सुमारे ६८ किलोमीटर) आणि नेरळवरून कर्जतकडे, तर दुसरा टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याकडे जातो. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर असून पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. हार्बर मार्गावर पनवेल सुमारे ४९ किलोमीटर आहे. किलोमीटर कमी म्हणून पनवेल जवळ वाटते. पण हार्बर मार्गावर जलद गाड्या नाहीत आणि प्रत्येक गाडी सर्व स्थानकांवर थांबते. डोंबिवली-कल्याणहून जलद गाडी मिळत असल्याने दक्षिण मुंबईसाठी तेच अंतर अधिक लवकर कापले जाते.

कार्यालय अंधेरी, गोरेगाव, मालाड या भागात असेल तर मीरा रोड ते विरार हा पट्टा सरळ पडतो. मध्य रेल्वेवरून अंधेरीला जायचे तर घाटकोपरला उतरून मेट्रो पकडता येते, पण गर्दीच्या वेळी घाटकोपरच्या पुलावरून मेट्रोच्या रांगेपर्यंत जाण्यातच बराच वेळ जातो. पवईसाठी कांजुरमार्ग आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी कुर्ला किंवा वांद्रे ही उतरण्याची स्थानके आहेत. त्यामुळे संकुलात काम करणाऱ्यांना मध्य, हार्बर आणि पश्चिम असे तिन्ही मार्ग खुले राहतात. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या आयटी पार्कांत नोकरी असेल तर ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गामुळे ठाणे, कळवा, नवी मुंबई हा भाग सोयीचा होतो. तिथे काम करणाऱ्याने केवळ भाडे कमी म्हणून वसईला राहण्यात काहीच अर्थ नाही.

गाडी बदलावी लागते का, हा प्रश्न प्रवासाच्या एकूण मिनिटांइतकाच महत्त्वाचा आहे. मुलाला घेऊन आठवड्यातून एकदा जरी आजीकडे किंवा डॉक्टरकडे जायचे असेल, तर दादरचा जिना एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन चढण्याची कल्पना आधीच करून पाहावी.

नव्या मार्गांच्या आश्वासनांबाबत एक सूचना. घोडबंदर रस्त्यावरील मेट्रो, कल्याणपर्यंतची मेट्रो, ऐरोली-काटई रस्ता अशा प्रकल्पांची नावे घेऊन दलाल भाडे वाढवून सांगतात. घर विकत घेणाऱ्याने भविष्याचा विचार करणे समजण्यासारखे आहे, पण दोन वर्षांसाठी भाड्याने राहणाऱ्याने आज धावणाऱ्या गाडीचेच पैसे द्यावेत. उलट, काम चालू असलेल्या रस्त्याची धूळ आणि कोंडी मात्र आजच वाट्याला येते.

तिसरी पायरी: वेळापत्रक नव्हे, प्रत्यक्ष वेळ मोजा

प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत मोजावा. इमारतीतून रिक्षाथांबा, शेअर रिक्षाची रांग, स्थानकाबाहेरची कोंडी, पूल, गाडीची वाट, प्रत्यक्ष गाडी, उतरल्यावरचा पूल आणि पुन्हा बस किंवा शेअर टॅक्सी, असे सगळे तुकडे जोडले की ७० मिनिटांचा प्रवास सहज दोन तासांच्या जवळ जातो. हे मोजमाप कामाच्या दिवशी, ज्या वेळेला खरोखर निघायचे आहे त्याच वेळेला करावे. रविवारी घर पाहायला गेलेल्या माणसाला परिसर शांत आणि स्थानक मोकळे दिसते. सोमवारी सकाळी आठ वाजता तेच स्थानक ओळखू येत नाही.

यानंतर गाडी कुठून सुटते ते पाहावे. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल अशा ठिकाणांहून सुटणाऱ्या गाड्या असल्याने तिथे चढणाऱ्याला बसायला मिळण्याची शक्यता असते. याउलट दिवा, मुंब्रा, कळवा किंवा नालासोपारा, नायगाव, भाईंदर इथे बहुतेक गाड्या आधीच भरून येतात. ही मधली स्थानके कागदावर मुंबईला जवळ असूनही चढण्याच्या दृष्टीने अधिक कठीण आहेत. गरोदरपणात, बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जाताना किंवा मुलाला सोबत नेताना हा फरक फार मोठा ठरतो, आणि त्यासाठी तीन-चार स्थानके पुढे राहणे पुष्कळदा परवडते.

अनेक प्रवासी जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने गाडी सुटते त्या स्थानकापर्यंत जातात आणि तिथून बसून येतात. असे करणार असाल तर पास त्या पुढच्या स्थानकापर्यंतचा काढावा, कारण उलट टप्प्यासाठी पास नसेल तर तो विनातिकीट प्रवास ठरतो आणि दंड भरावा लागतो. शिवाय त्या उलट प्रवासाची मिनिटेही हिशेबात धरावी लागतात.

रविवारच्या मेगाब्लॉकचाही, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी ठेवल्या जातात त्याचाही, विचार करावा. नोकरीत रविवारी काम असेल किंवा आजी-आजोबांकडे जाण्याचा दिवस रविवारच असेल, तर बसचा पर्याय आहे का, हे आधी पाहून ठेवावे.

चौथी पायरी: स्थानकाची पूर्व की पश्चिम

‘बदलापूरला घर घेतले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पूर्व की पश्चिम, स्थानकापासून किती लांब आणि नदीच्या किती जवळ, हे कळल्याशिवाय परिसर कळत नाही.

पाण्याचा प्रश्न इथे दुहेरी आहे: पावसाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी. बदलापूर पश्चिमेकडील उल्हास नदीकाठच्या सखल वसाहतींत पूर येतो. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीच्या काठची घरेही याच प्रकारात येतात. पश्चिम रेल्वेवर जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेल्याने गाड्या बंद पडल्या आणि वसईच्या मिठागर परिसरातील रहिवासी पाण्यात अडकले. घर पाहताना मालकाला विचारण्यापेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे की त्याने पावसाळ्यात माल कितव्या फळीपर्यंत वर उचलला होता; त्याच्याजवळ लपवण्याचे कारण नसते. तळमजल्याच्या भिंतीवरील ओलीचा पट्टा, रंगाखालीही, बरेच काही सांगून जातो.

उन्हाळ्यातील टंचाईसाठी ‘पाणी चोवीस तास आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. सोसायटीच्या सचिवाकडून एप्रिल-मे महिन्यांतील टँकरचा खर्च विचारावा. तो देखभालीच्या हिशेबात दिसतोच. लहान मुलाच्या घरात धुणे आणि अंघोळी वाढतात, त्यामुळे एक दिवसाआड येणारे पाणी साठवायला टाकी आहे का, हेही पाहावे. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, ही त्या शहराची जमेची बाजू आहे. मात्र सिडकोच्या नव्या वसाहती आणि महापालिकेचा जुना भाग यांना एकच समजू नये. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत पिण्यासाठी वेगळे पाणी कुठून येते, ते विचारावे.

हवेविषयी लोक कमी बोलतात. डोंबिवलीच्या एमआयडीसी फेज-२ मध्ये मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. याचा अर्थ डोंबिवली टाळावी असा नाही. डोंबिवली मोठी आहे आणि औद्योगिक पट्टा तिच्या एका बाजूला आहे. पण घर त्या पट्ट्यापासून किती दूर आहे, हे नकाशावर मोजून पाहावे. अंबरनाथ, तळोजा आणि बोईसर-तारापूर इथेही तोच नियम लागू होतो. वास रात्री आणि पहाटे अधिक जाणवतो, म्हणून अशा भागातील घर रात्री नऊनंतर पुन्हा एकदा पाहावे. मुलाला दम्याचा किंवा वारंवार सर्दी-खोकल्याचा त्रास असेल तर या बाबतीत तडजोड करू नये.

रात्रीच्या फेरीत आणखी दोन गोष्टी कळतात: स्थानकापासून घरापर्यंत दिवे आहेत का आणि शेवटची शेअर रिक्षा किती वाजता मिळते. उशिरा परतणाऱ्या आईच्या किंवा बाबांच्या दृष्टीने हे भाड्यातील हजार-दीड हजाराच्या फरकापेक्षा महत्त्वाचे आहे. चालत पंधरा मिनिटांतले घर आणि रिक्षानेच गाठता येणारे घर यांची तुलना करताना महिन्याचा रिक्षाखर्च भाड्यात मिळवावा. पुष्कळदा स्वस्त घराचा स्वस्तपणा तिथेच संपतो.

पाचवी पायरी: डॉक्टर, पाळणाघर आणि शाळा

मुलांचे डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर असावेत आणि रात्री उघडे असणारे, मुलांना दाखल करून घेणारे रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर असावे. गावे जशी नवी, तशी ही सोय विरळ होत जाते. ठाणे, डोंबिवली, कल्याण, वसई, पनवेल ही जुनी वस्ती असलेली शहरे इथे पुढे आहेत. वांगणी, शेलू, आसनगाव अशा ठिकाणी नवी संकुले उभी राहिली तरी गंभीर आजारासाठी मोठे गाव गाठावे लागते. सरकारी लसीकरण मोफत असते आणि जन्मानंतर ६, १०, १४ आठवड्यांनी, मग ९ महिन्यांनी असे त्याचे टप्पे असतात. तान्ह्या मुलाच्या पालकांनी जवळचे आरोग्य केंद्र कोणत्या वारी लस देते, हे घर ठरवतानाच पाहून ठेवावे.

पाळणाघर पाहताना ते स्थानक आणि घर यांच्या मधल्या रस्त्यावर असणे चांगले. घराच्या पलीकडे असेल तर रोज संध्याकाळी दमलेल्या माणसाला दोनदा फेरी पडते.

शाळेच्या बाबतीत भाडेकरार आणि प्रवेश यांचा थेट संबंध येतो. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज करताना शाळेपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना आधी आणि १ ते ३ किलोमीटरमधल्यांना नंतर प्राधान्य मिळते. भाड्याने राहणाऱ्यांकडे पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार मागितला जातो. साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही. खासगी शाळांत शिशुवर्गाचे प्रवेश आधीच्या वर्षाच्या हिवाळ्यात सुरू होतात, म्हणजे जूनमध्ये घर बदलून शाळा शोधायला निघालेल्या पालकांना उशीर झालेला असतो. मराठी माध्यमाची शाळा हवी असेल तर ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे पर्याय मिळतात. नव्या टाउनशिपच्या आवारात मात्र बहुधा इंग्रजी माध्यमच असते.

सहावी पायरी: इमारत

या पट्ट्यात अनधिकृत बांधकामांचा प्रश्न जुना आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला, आणि तिच्यात लोक राहायलाही आलेले होते. अलीकडे कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारती बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशामुळे अडचणीत आल्या, तर नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या. भाडेकरूचे पैसे घरात अडकत नाहीत, पण मुलासह आठवड्यात घर रिकामे करण्याची वेळ त्याच्यावरही येते. म्हणून भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या सरकारी दाखल्याची) प्रत मागावी आणि नव्या इमारतीचा नोंदणी क्रमांक महारेरा या गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासावा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. जुन्या इमारतीत घर घेताना ती यादी पाहावी. त्यातील ‘सी-१’ वर्ग म्हणजे तातडीने रिकामी करायची इमारत. भाडे आसपासच्या घरांपेक्षा फारच कमी असेल तर कारण बहुधा या कागदांतच सापडते.

बाकीच्या गोष्टी पाहताच कळतात. उद्वाहन (लिफ्ट) नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर मूल आणि बाजार घेऊन रोज चढता येईल का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. खिडक्या आणि बाल्कनीला जाळी नसेल तर ती बसवून देण्याची अट करारावर सही करण्याआधीच मान्य करून घ्यावी, नंतर मालक टाळाटाळ करतात.

सातवी पायरी: करार

‘११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही,’ हे वाक्य महाराष्ट्रात चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार नोंदवला नसेल तर वाद झाल्यास अटींविषयीचे भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी ऑनलाइन आणि आधारच्या बायोमेट्रिकने घरबसल्या होते.

मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. उदाहरणार्थ, दरमहा १५,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये अनामत आणि २४ महिने मुदत असेल तर ३,६०,००० अधिक १०,००० अशा ३,७०,००० रुपयांवर ९२५ रुपये शुल्क येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते. दलाल ‘करारासाठी’ याहून खूप मोठी रक्कम सांगत असेल, तर त्यातली किती सरकारी आणि किती त्याची, ते लिहून मागावे.

मुदत ठरवताना शाळेचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. डिसेंबरमध्ये केलेला ११ महिन्यांचा करार नोव्हेंबरमध्ये संपतो आणि ऐन शाळेच्या मध्यावर घर शोधावे लागते. करार एप्रिल-मे महिन्यांत संपेल अशी मुदत मागावी, किंवा भाडेवाढ आधीच ठरवून २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करावा. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहणे धोक्याचे आहे, कारण कलम २४ नुसार त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. दोन्ही बाजूंना किती महिन्यांची पूर्वसूचना लागेल आणि किमान किती काळ राहणे बंधनकारक आहे, हे स्पष्ट लिहावे. नोकरी बदलली तर याच ओळीवर अनामत परत मिळणे अवलंबून असते.

मालक स्वतः राहात नसल्याबद्दल त्याने सोसायटीला द्यायचे बिनवहिवाटीचे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि ते मालकाचे देणे आहे. कोणी ते तुमच्याकडे मागितले तर करारात तसे लिहिले आहे का, हे पाहावे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरता येते. ती भरल्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण गॅसजोडणी किंवा शाळेच्या कामात तिची विचारणा होऊ शकते.

ताबा घेण्याच्या दिवशी वीज मीटरचे वाचन, थकीत बिलाची स्थिती, नळ, गिझर, पंखे आणि भिंतीवरील ओल यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावीत. वीज कंपनी भागानुसार बदलते: कल्याण, बदलापूर, वसई आणि नवी मुंबईत महावितरण, मीरा-भाईंदरमध्ये अदानी आणि कळवा-मुंब्रा-दिवा तसेच भिवंडीत टोरंट. त्यामुळे जुन्या घराच्या बिलावरून नव्या घराचा अंदाज बांधण्याऐवजी मागील वर्षातील मे महिन्याचे बिल मालकाकडून मागून घ्यावे.